आत्याबाईंचे चिकटकाम आणि कापलेला फोटो

पत्र : मी गंगाखेड तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. गेल्या आषाढात माझे सासरे हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. सासूबाईंचे वय ६१. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्या दिवसापासून त्यांचे बोलणे हो-नाहीपुरते उरले आहे. त्या शेतात जात नाहीत, शेजारीपाजारी बसत नाहीत. दिवाळीनंतर माझी मुलगी शाळेचे चिकटकाम करत होती, तेव्हा त्या तिच्याजवळ येऊन बसल्या. तेव्हापासून रोज दुपारी त्या जुने दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि बियाण्यांच्या कंपन्यांची कॅलेंडरे यांतली चित्रे कापून पुठ्ठ्यावर चिकटवतात. त्या वेळी त्यांचा चेहरा जरा सैल झालेला दिसतो. पण गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या लग्नातला एकुलता एक फोटो कापला, त्यातून स्वतःला काढून टाकले आणि सासऱ्यांना एका विहिरीच्या चित्राशेजारी चिकटवले. माझे दीर संतापले; हे थेर बंद करा आणि यांना दवाखान्यात न्या, म्हणाले. शेजारच्या बाई देवऋष्याकडे न्यायला सांगतात. कोलाज, म्हणजे अशी कापलेली चित्रे चिकटवून नवे चित्र करणे, हा उपचाराचा एक प्रकार आहे, असे मी मोबाइलवर वाचले. हे खरे आहे का? असेल तर घरी तो नीट कसा करून घ्यावा? त्या चित्राचा अर्थ काय? माझ्या वर्गात वडील गमावलेली दोन मुले आहेत. त्यांच्याकडूनही असे करून घ्यावे का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत आणि पाचवा तुम्ही विचारलेला नाही. सुरुवात त्या पाचव्यापासून करते, कारण उरलेले चार आठवडाभर थांबले तरी चालतील. जीव नकोसा झाल्याचे, स्वतःचे काही बरेवाईट करून घेण्याचे विचार आत्याबाईंच्या मनात येतात का, हे घरातल्या कोणीतरी त्यांना स्पष्ट शब्दांत विचारायला हवे. विहिरीचे चित्र चिकटवले म्हणून मी हे म्हणत नाही. त्या चित्राकडे आपण पुढे येऊ. आठ महिन्यांचे मौन, माणसांत न मिसळणे आणि शेतकऱ्याच्या घरात हाताशी असणारी फवारणीची औषधे, एवढी कारणे पुरेशी आहेत. असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात भरतो, ही भीती आपल्याकडे फार खोलवर बसलेली आहे. या विषयावरच्या संशोधनात तिला आधार सापडलेला नाही, आणि कोणीतरी अखेर विचारले म्हणून हलके वाटल्याचे सांगणारी माणसे मात्र पुष्कळ भेटतात. विचारताना भाषा घरातलीच असावी. "आत्याबाई, लई दिवस झाले, तुम्ही गप गपच राहताव. कधी जीव नको वाटतो का? काही करून घ्यावं असं मनात येतं का?" इतके सरळ विचारावे आणि उत्तराची वाट पाहत शांत बसावे.

उत्तर होकारार्थी आले, किंवा त्यांनी नजर चुकवून विषय टाळला, तर त्यांना एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. फवारणीची औषधे कुलपात किंवा घराबाहेर सुरक्षित ठिकाणी हलवण्याचे काम तर उत्तराची वाट न पाहता आजच करावे. टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक आहे, ती चोवीस तास आणि विनामूल्य चालते, आणि मराठीतून बोलता येते. तुम्हाला स्वतःला काय करावे ते सुचत नसेल, तरीही तुम्ही तिथे फोन करू शकता.

आता तुमच्या दिरांविषयी. त्यांच्या वाक्याचा दुसरा भाग बरोबर आहे आणि पहिला चुकीचा. दवाखान्यात न्यायला हवेच, परंतु त्यासाठी चिकटकाम बंद करण्याचे काहीच कारण नाही. साठीच्या घरातील व्यक्ती एकाएकी गप्प झाली, तिला कशातच रस उरला नाही, तर त्यामागे शोकाबरोबर नैराश्य असू शकते, थायरॉइडचा विकार असू शकतो, ब-१२ जीवनसत्त्वाची किंवा रक्ताची कमतरता असू शकते, अनियंत्रित मधुमेह असू शकतो, क्वचित स्मरणशक्तीच्या आजाराची सुरुवातही असू शकते. यांपैकी बऱ्याच गोष्टी साध्या रक्ततपासणीत समजतात आणि औषधाने सुधारतात. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. तुम्हाला परळीमार्गे अंबाजोगाई सोयीचे पडत असेल तर तिथल्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा, किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा. देवऋष्याच्या बाबतीत मला इतकेच म्हणायचे आहे की तिथे जाणारा वेळ आणि पैसा या तपासण्यांना द्यावा.

शोक कधी आजार ठरतो, असाही प्रश्न तुमच्या मनात असणार. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाला स्वतंत्र विकार मानले असून त्यासाठी किमान सहा महिन्यांची मर्यादा धरली आहे, तर अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये प्रौढांसाठी ती बारा महिन्यांची धरली. दोन जाणत्या संस्थांच्या मोजमापात सहा महिन्यांचा फरक पडतो, यावरूनच केवळ कॅलेंडर पाहून निदान होत नाही हे समजावे. त्या त्या समाजात शोक पाळण्याची जी रीत आहे तिच्या पलीकडे तो गेला आहे का आणि माणसाचे रोजचे जगणे थांबले आहे का, हेही दोन्हींकडे पाहिले जाते. आषाढात वर्षश्राद्ध येईल. त्याच्या आधीच्या दोन-चार आठवड्यांत शोक पुन्हा उफाळून येतो, हे आताच ध्यानात ठेवा, म्हणजे त्या वेळी "बऱ्या होत होत्या, पुन्हा बिघडल्या" असे वाटणार नाही.

कोलाज हा उपचार आहे का? प्रशिक्षित व्यक्तीने ठरावीक उद्दिष्टाने, ठरावीक काळ, माणसाची पूर्वपीठिका जाणून घेऊन करवलेले कोलाज हा कला-उपचाराचा भाग असतो. आत्याबाई दुपारी ओसरीवर बसून जे करतात ते कला-उपचार नव्हे. ते त्यांनी स्वतः शोधलेले, त्यांना आधार देणारे एक काम आहे, आणि मला ते कमी मोलाचे वाटत नाही. या उपचारपद्धतीची सुरुवातही काहीशी अशीच झाली. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात पडून होता. तिथे चित्रे काढत राहिल्याने आपल्याला सावरता आले, असे त्याला जाणवले, त्याने इतर रुग्णांनाही त्यात ओढले, आणि १९४२ च्या सुमारास या कामाला आज रूढ असलेले कला-उपचार हे नाव दिले. चित्रकलेत कोलाज त्याआधीच आले होते. १९१२ मध्ये पिकासोने वेताच्या विणीचा छाप असलेला मेणकापडाचा तुकडा सरळ चित्रात चिकटवला आणि त्याचा सहकारी चित्रकार ब्राक याने त्याच वर्षी लाकडाच्या रेषांचा छापील कागद चित्रात वापरला.

मात्र आत्याबाईंच्या संदर्भात मला या दोघांपेक्षा मेरी डेलनी या अठराव्या शतकातील इंग्रज बाई अधिक जवळच्या वाटतात. १७६८ मध्ये त्यांचे पती गेले. त्यानंतर चार वर्षांनी, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांनी रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून काळ्या कागदावर फुले चिकटवायला सुरुवात केली. दृष्टी अधू होईपर्यंत, म्हणजे सुमारे दहा वर्षे, त्या हे काम करत राहिल्या. एकेका फुलात शेकडो तुकडे असत. त्यांची अशी हजाराच्या आसपास फुले आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जपून ठेवलेली आहेत. त्यांना कोणी उपचार म्हणून हे सांगितले नव्हते. दिरांना ही हकीकत जरूर सांगा. थेर हा शब्द ते कदाचित मागे घेतील.

संशोधनाचे म्हणाल, तर गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वारंवार सांगितला जातो. त्यात ३९ निरोगी प्रौढांना ४५ मिनिटे कोलाजचे साहित्य, माती किंवा रंगीत पेने घेऊन हवे ते करायला सांगितले, आणि आधी व नंतर लाळेतील कॉर्टिसोल या तणावाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण मोजले. सुमारे ७५ टक्के लोकांत ते घटले, आणि चित्रकलेचा पूर्वानुभव असणे-नसणे यामुळे फरक पडला नाही. हा निष्कर्ष उत्साहवर्धक असला तरी तो मर्यादित आहे. माणसे मोजकी होती, निरोगी होती, आणि तुलनेसाठी कला न करणारा दुसरा गट नव्हता. "कोलाजने नैराश्य बरे होते" असे मोबाइलवर कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याला या अभ्यासाचा आधार नाही.

तरीही हे काम नेमके कशामुळे आधार देते, ते पाहण्यासारखे आहे. कोरा कागद आणि पेन्सिल समोर ठेवली की बहुतेक प्रौढ माणसे "मला चित्र येत नाही" म्हणून मागे सरतात. ज्या पिढीतील बायकांना शाळाच जेमतेम मिळाली त्यांना तर हात पुढे करण्याचाच संकोच वाटतो. कोलाजमध्ये चित्र आधीच तयार असते, त्यामुळे आपल्या हातून वाईट निघेल ही धास्ती राहत नाही. उरते ती निवड. शंभर चित्रांतून हे घ्यायचे आणि ते सोडायचे, एवढेच ठरवायचे असते. गेल्या आठ महिन्यांत आत्याबाईंच्या आयुष्यातले कोणते निर्णय त्यांनी स्वतः घेतले, याचा आठव करून पाहा. शेत कोण कसणार, बँकेतले खाते कसे चालणार, बाराव्याला काय करायचे, सगळे इतरांनी ठरवले असेल. पुठ्ठ्यावर कोणते चित्र कुठे जाईल हे मात्र त्या ठरवतात. शिवाय चित्र दुसऱ्या कोणाचे तरी असते, कॅलेंडरातल्या अनोळखी शेताचे किंवा लग्नपत्रिकेवरच्या छापील कलशाचे, म्हणून त्याच्या आडून स्वतःचे सांगता येते आणि नको वाटले तर "ते नुसतं चित्र आहे" म्हणून बाजूलाही सारता येते. खळ लागेपर्यंत तुकडा हवा तितका सरकवता येतो. एकदा लागली की निर्णय झाला. सरकवण्याची मुभा आणि मग पक्के करणे, या दोन्हींतून मनाला थोडी पकड परत मिळते.

आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांनी हेच काम पिढ्यान् पिढ्या केले. हात दगड फिरवण्यात गुंतलेले, नजर पिठाकडे, समोर ऐकणारी असली तर दळणारीच दुसरी बाई. अशा वेळी माहेर, सासर, मेलेले मूल, गेलेला भाऊ हे सारे ओवीतून येई, आणि ऐकणारी त्यावर प्रश्न विचारत नसे. ज्या गंगाखेडच्या परिसरात जनाबाईंचे दळण-कांडण घराघरांत गायले जाते, तिथे हे मी अधिक सांगायला नको. समोरासमोर बसवून "तुम्हाला काय होतंय ते बोला" असे म्हटले तर आत्याबाई बोलणार नाहीत. कात्री चालू असताना, तुमच्याकडे न पाहता, त्या एखादे वाक्य बोलून जातील. तेव्हा जवळ असणे एवढेच तुमचे काम.

आता फोटो. तुम्ही अर्थ विचारला आहे आणि पत्र वाचताना मलाही एक अर्थ सुचला. तो मी इथे लिहिणार नाही. मी लिहिला की तो तुमच्या डोक्यात राहील, आणि पुढे आत्याबाई काहीही म्हणाल्या तरी तुम्हाला त्यात तोच ऐकू येईल. काळा रंग म्हणजे उदासी, दार म्हणजे सुटका, विहीर म्हणजे मरण, अशी कोष्टके सर्रास फिरतात, पण जबाबदार कला-उपचारतज्ज्ञ असे कोष्टक वापरत नाही. मराठवाड्यात विहीर किती गोष्टी असू शकते हे तुम्हाला ठाऊक आहे. ती सासऱ्यांनी कर्ज काढून खोदलेली असेल. दुष्काळात आटलेली असेल. पहिल्यांदा पाणी लागले त्या दिवशी दोघांनी तिथे नारळ फोडला असेल. आत्याबाईंच्या माहेरची असेल. आणि हो, एखाद्या दुःखद घटनेचीही असेल. यांतले काय खरे आहे ते एकाच व्यक्तीला माहीत आहे, म्हणून तिलाच विचारावे, तेही चित्रातल्या वस्तूपासून सुरुवात करून. "ही विहीर कुठली, आत्याबाई?" हा प्रश्न चांगला आहे. "तुम्ही स्वतःला का कापलं?" हा प्रश्न आरोपासारखा ऐकू येतो. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारू नये.

एक गोष्ट मात्र हळूच पाहून घ्या. फोटोतून कापलेला तो तुकडा, म्हणजे तरुणपणीच्या आत्याबाई, कुठे आहे? चुलीत गेला, ट्रंकेत ठेवला, की पुढच्या पुठ्ठ्यासाठी बाजूला काढला आहे? घर झाडताना चिकटकामाचे कपटे परस्पर फेकत असाल तर ते आजपासून थांबवा. कापून बाजूला ठेवलेले नेहमी टाकलेलेच असते असे नाही, आणि कोलाज करणारी माणसे एखादा तुकडा फार दिवस राखून ठेवतात.

फोटो मुळात कोणाचा, हाही विचार करायला हवा. तो आत्याबाईंच्या लग्नाचा फोटो आहे, त्यामुळे त्यावर पहिला हक्क त्यांचा. पण दिरांच्या दृष्टीने ती वडिलांची तरुणपणीची एकमेव खूण होती, आणि त्यांचा संतापही शोकाचाच भाग आहे. त्यांना उपदेश करू नका. लग्नात हजर असलेल्या आत्या-मावश्यांकडे त्याची दुसरी प्रत असण्याची शक्यता असते, ती शोधण्याचे काम दिरांकडे सोपवा. उरलेले सगळे जुने फोटो गोळा करून त्यांच्या प्रती काढून आणा, आणि हे लपूनछपून करू नका. "फोटो तुमचेच आहेत, पण पोरांनाही लागतील, म्हणून कापायला या प्रती आणल्या," असे आत्याबाईंना सरळ सांगा. प्रत झेरॉक्सची किंवा लेझर प्रिंटरची घ्या. इंकजेटवर छापलेल्या प्रतीची शाई ओली खळ लागली की पसरते आणि चेहरा विरघळल्यासारखा दिसतो, जो या प्रसंगी कोणालाही पाहवणार नाही.

साहित्याबाबत फार खर्च नको. लग्नाच्या साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा उत्तम. खळ घरीच करता येते: एक वाटी मैद्याला चार-पाच वाट्या पाणी घेऊन, गुठळी न होऊ देता मंद आचेवर शिजवावी. बुकबाइंडर तीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ते तुम्ही घालू नका. मोरचूद विषारी आहे, आणि तुमच्या घरात लहान मूलही आहे. थोडीच करावी, कारण उन्हाळ्यात ती एक-दोन दिवसांत आंबते. फेव्हिकॉल वापरला तरी काही बिघडत नाही. कात्री धारदार, मोठ्यांची असावी. मुलीची बोथट कात्री हाताशी दिली की कागद चुरगळतो आणि माणूस चिडतो. डोळे तपासले नसतील तर तपासून घ्या, साठीनंतर मोतीबिंदूने बारीक काम अवघड होते. कधी त्या कापण्याऐवजी कागद फाडू लागल्या तर अडवू नका. फाडण्यात जोर लागतो आणि कडा वेड्यावाकड्या निघतात, तेच कधीकधी हवे असते.

चित्रांच्या पुरवठ्याकडे मात्र नीट लक्ष द्या. लॉस एंजेलिसमधील कला-उपचारतज्ज्ञ हेलन लँडगार्टन मासिकांतून कापलेली चित्रे दोन वेगळ्या खोक्यांत ठेवून लोकांपुढे मांडत, एकात माणसे आणि दुसऱ्यात इतर वस्तू. आणि त्या खोक्यात वेगवेगळ्या वंशांचे, वयांचे, परिस्थितीचे चेहरे असावेत असा त्यांचा आग्रह असे, म्हणजे समोरच्याला आपल्यासारखे कोणीतरी सापडते. आपल्या दिवाळी अंकांतील जाहिराती पाहा. गोऱ्यापान तरुण बायका, दागिने, फ्लॅट. लुगडे नेसलेली, उन्हाने रापलेली, साठीची बाई त्यांत शोधून सापडत नाही. म्हणून जुन्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, 'अॅग्रोवन'सारखी शेतीविषयक पत्रे, पंढरीच्या वारीची छायाचित्रे, बैल, कापूस, तुरीचे शेत, बाजार, एस.टी. अशी चित्रे जमवून खोक्यात टाकत राहा. कागदाबरोबर कापडही चालते. सासऱ्यांच्या धोतराचा किंवा पटक्याचा तुकडा त्यांना हवा असेल तर तो त्यांनीच मागावा. तुम्ही होऊन पुढे करू नका.

वेळ आहे तीच ठेवा. दुपारचा पाऊण तास पुरे, आणि शेवटी चहा किंवा भाजी निवडणे असे काहीतरी रोजचे काम यावे, म्हणजे मन उघडे पडलेले असताना एकदम उठावे लागत नाही. "किती छान केलंत!" अशी शाबासकी टाळा, तिने माणूस पुढचे चित्र तुम्हाला आवडावे म्हणून करू लागतो. दिसते तेवढे बोला: "आज पिवळा रंग पुष्कळ आला," "हा कोपरा मोकळा ठेवला." पुठ्ठे भिंतीवर लावायचे की कपाटात ठेवायचे हे त्यांना ठरवू द्या, आणि कृपा करून त्यांचे फोटो मोबाइलच्या स्टेटसवर टाकू नका. काम करून उठल्यावर त्या अधिक अस्वस्थ होऊ लागल्या, झोप उडाली, जेवण कमी झाले, तर काही दिवस थांबा आणि डॉक्टरांना सांगा. कलेने आतले वर येते, आणि वर आलेले सांभाळायला दरवेळी घरचे माणूस पुरत नाही. पुढे कधी कला-उपचारतज्ज्ञ गाठलात, तर त्यांचे शिक्षण कोठे आणि किती काळाचे झाले हे विचारायला संकोचू नका. दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतरही पाटी लावणारे असतात.

तुम्ही "करून घ्यावा" हा शब्द वापरला आहे. शिक्षिकेच्या तोंडी तो सहज येतो, पण सासू-सुनेच्या नात्यात तो चालणार नाही. तुम्ही त्यांच्या उपचारतज्ज्ञ होऊ शकत नाही, आणि व्हायची गरजही नाही. त्यापेक्षा तुमची मुलगी जशी आपले चिकटकाम घेऊन बसली होती तसे तुम्हीही कधीतरी स्वतःचा पुठ्ठा घेऊन शेजारी बसा. मुलीला मात्र आजीवर लक्ष ठेवायला किंवा आजी काय बोलली ते येऊन सांगायला लावू नका. तिचेही आजोबा गेले आहेत.

आणखी एक गोष्ट चिकटकामाच्या कक्षेबाहेरची आहे. आत्याबाई शेजारी जात नाहीत, असे तुम्ही लिहिले. त्यांना कोणी बोलावते का? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, चुलतघरच्या लग्नात हळद लावायला, नव्या सुनेची ओटी भरायला त्यांना पुढे केले जाते, की त्या आपणहून मागच्या खोलीत बसतील अशी सगळ्यांची अपेक्षा असते? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. तुमच्या गावात त्याचे काय झाले हे तुम्हालाच ठाऊक. बाईला समाजातून कापून काढायचे आणि मग तिने फोटोतून स्वतःला का कापले म्हणून विचारायचे, हे बरोबर नाही. फोटोचा हा अर्थ आहे असे मी म्हणत नाही. पण पुढच्या कार्यात त्यांना ओवाळायला पुढे करणे तुमच्या हातात असेल, तर ते करा.

शाळेतील दोन मुलांबाबत माझे उत्तर वेगळे आहे. त्यांच्याकडून मुद्दाम, वेगळे बसवून, वडिलांविषयी कोलाज करून घेऊ नका. वर्ग ही उपचाराची जागा नाही. तिथे तीस जण पाहत असतात, आणि वडिलांचे जाणे आत्महत्येमुळे झालेले असेल तर गावातली कुजबुज मुलाच्या आधी वर्गात पोहोचलेली असते. साऱ्या वर्गाला मिळून चिकटकाम द्या, विषय मोकळा ठेवा. 'माझे कुटुंब' हा नेहमीचा विषय टाळा, 'मला आवडणारी जागा' चालेल. गुण देऊ नका, भिंतीवर लावण्याआधी प्रत्येकाला विचारा, आणि एखाद्या मुलाने काही चिंताजनक चिकटवले किंवा बोलून दाखवले तर वर्गात प्रश्न न विचारता नंतर एकांतात, साधेपणाने बोला. मूल सतत गप्प असेल, शाळा बुडवत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर घरच्यांशी आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाशी संपर्क साधा. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांकही आहे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आठवडाभर एका वहीत आत्याबाईंची झोप, जेवण, चालू असलेली औषधे, वजन घटल्याचे जाणवते का आणि दिवसातून किती वेळ त्या बोलल्या, एवढे लिहून ठेवा. जीव नको वाटतो का, या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर चिंताजनक आले तर अर्थातच वहीसाठी थांबू नका. डॉक्टरांना या नोंदींचा उपयोग चित्रांपेक्षा जास्त होईल. पुठ्ठे बरोबर न्यायचे का, हे आत्याबाईंना विचारा, आणि त्या नको म्हणाल्या तर ते घरीच राहू द्या.